घड्याळ बीपी मोजत नाही

‘मी रोज बघतो ना घड्याळात. ११८-७८. एकदम नॉर्मल.’ हे वाक्य हल्ली सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यांतही ऐकू येतं. त्यामागोमाग दुसरं वाक्य हमखास येतं, ‘डॉक्टरांच्या मशीनशी जुळवूनही पाहिलं, दोन-चारचाच फरक होता.’ इथवर मी मान डोलावतो. पण परवा एका गृहस्थांनी तिसरं वाक्यही जोडलं, ‘म्हणून गोळी एक दिवसाआड केली.’ त्यावर मी त्यांना जे व्याख्यान दिलं, ते त्या बिचाऱ्यांनी मागितलेलं नव्हतं.

तेच जरा शांतपणे सांगतो. दोन-तीन हजारांत मिळणारं, मागे हिरवा दिवा लुकलुकणारं स्मार्टवॉच बीपी मोजत नाही. ‘थोडं कमी-जास्त दाखवतं’ असं मी म्हणत नाहीये. ते मोजतच नाही.

बीपी म्हणजे रक्ताचा दाब, आणि दाब मोजायचा तर त्याला उलटा दाब देऊन बघावं लागतं किंवा थेट धमनीत शिरावं लागतं. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स यांनी दुसरा मार्ग धरला. एका घोडीच्या धमनीला काचेची उंच नळी जोडली, तर रक्त आठ फुटांहून वर चढलं. १७३३ साली त्यांनी ते छापलं. माणसावर असलं काही रोज करता येणार नव्हतं, त्यामुळे पुढे दीडशे वर्षं सगळे चाचपडत राहिले. १८९६ मध्ये इटलीतल्या रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा, हवेनं फुगणारा पट्टा आणला. १९०५ मध्ये रशियातल्या कोरोटकॉव्ह या सर्जननं त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून काय ऐकायचं ते सांगितलं. पट्टा फुगवून धमनी पार बंद करायची आणि हवा हळूहळू सोडायची. रक्त पहिल्यांदा वाट काढून पुढे सरकतं तेव्हा ठोका ऐकू येतो, तो वरचा आकडा. धमनी मोकळी होऊन आवाज थांबतो, तो खालचा. घरातल्या डिजिटल मशीनचाही पट्टा असाच आवळतो, फक्त कानाऐवजी पट्ट्यातल्या हवेची थरथर टिपणारा सेन्सर असतो.

आता मनगटावरचं घड्याळ काढून उलटं करा. मागे दोन-तीन हिरवे दिवे आणि त्यांच्या मधे एक काळसर चौकोन दिसेल. दिव्याचा उजेड कातडीत मिलीमीटरभर शिरतो, त्यातला काही रक्त शोषून घेतं आणि उरलेला परत येऊन त्या चौकोनावर पडतो. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढतं, उजेड कमी परततो. मग रक्त ओसरतं, उजेड वाढतो. ही जी लाट मिळते तिच्यावरून ठोके मोजता येतात, आणि शांत बसलं असताना ते बऱ्यापैकी बरोबरही येतात. पण या सगळ्यात दाब कुठे आहे? कोणी काही आवळलं नाही, कशाच्या विरुद्ध काही तोललं नाही. लाटेच्या आकारावरून दाबाचा अंदाज बांधायचा प्रयत्न असतो, आणि तो आकार तर हात गार पडला तरी बदलतो, पट्टा सैल झाला तरी बदलतो, मनगट जरा वळलं तरी बदलतो.

मग तो ११८-७८ येतो कुठून? घड्याळ फोनला जोडताना ॲपनं तुम्हाला काही प्रश्न विचारले होते, आठवा. वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष. एवढ्या माहितीवर तुमच्यासारख्या माणसाचं बीपी सरासरी किती असेल हे सांगता येतं, आणि त्यासाठी हातात घड्याळ असायची गरजच नाही. स्वस्त घड्याळांतली बरीचशी करामत याच आकड्याभोवती फिरते. घरात पडून असलेलं असलं एक घड्याळ मी गुंडाळलेल्या नॅपकिनला आवळून बांधलं. हिरवा दिवा लुकलुकला, पडद्यावर हृदयाचं चित्र धडधडलं, आणि अर्ध्या मिनिटात आकडा आला, १२१-७७. नॅपकिनची तब्येत उत्तम होती.

‘पण माझं जुळलं त्याचं काय?’ हाच तर सगळ्यात चिवट मुद्दा आहे, आणि चांगले शिकलेले लोकही इथे फसतात. समजा मी कागदावर १२२-७९ लिहिलं आणि तो कागद घेऊन सोसायटीत दारोदार फिरलो. ज्यांचं बीपी ठीक आहे अशा बऱ्याच घरांत माझा कागद ‘दोन-चारच्या फरकानं’ जुळेल. म्हणजे माझा कागद बीपी मोजतो का? कागद चुकेल तो १६५-१०० वाल्या घरात. ज्याला काहीच झालेलं नाही त्याच्याशी घड्याळ जुळतं, आणि ज्याला झालंय त्याला ते ‘नॉर्मल’ म्हणून सांगतं. जुळवून बघायचंच असेल तर ज्यांचं बीपी चढलेलं आहे त्यांच्या मनगटावर बघा. यंत्र तपासायची रीतही अशीच आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या निकषाप्रमाणे दंडाचं मशीन निदान ८५ माणसांवर तपासतात, त्यात बीपी जास्त असलेले आणि कमी असलेले लोक मुद्दाम ठरावीक प्रमाणात घ्यावे लागतात, आणि सरासरी चूक ५ मिलीमीटरच्या (बीपीचा आकडा पाऱ्याच्या मिलीमीटरमध्येच असतो) आत असावी लागते. दोन मित्रांनी कट्ट्यावर एकदा जुळवून पाहणं म्हणजे तपासणी नव्हे.

आता न्यायानं बोलायचं तर सगळी घड्याळं एका माळेची नाहीत. सॅमसंगच्या घड्याळातल्या बीपीच्या ॲपला २०२० मध्ये दक्षिण कोरियानं परवानगी दिली. पण ते वापरायचं तर आधी दंडाच्या मशीनवर तीनदा बीपी मोजून ते आकडे घड्याळाला सांगावे लागतात, आणि दर २८ दिवसांनी हा सोपस्कार पुन्हा करावा लागतो. म्हणजे मशीन घरात हवंच. शिवाय बेल्जियममधल्या संशोधकांनी हे घड्याळ चोवीस तास बीपी मोजणाऱ्या यंत्राबरोबर लावून पाहिलं आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापला. घड्याळाचे आकडे सुरुवातीला सांगितलेल्या आकड्याकडे ओढले जातात. बीपी चढलं असता कमी दाखवतात, उतरलं असता जास्त. ज्या क्षणी आपल्याला खरी बातमी हवी, नेमकं तेव्हाच ते जुनी बातमी देतात.

ॲपलनं तर आकडा दाखवायच्या भानगडीत न पडण्याचा शहाणपणा केला. त्यांच्या घड्याळातल्या सोयीला अमेरिकेच्या एफडीएनं सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. ती ३० दिवसांच्या नोंदी बघते, आणि बीपी वाढलेलं असावं अशी शंका आली तर सूचना देते. सूचना आली की काय करायचं? सात दिवस पट्ट्याच्या मशीनवर मोजायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. ज्यांना बीपी असल्याचं आधीच माहीत आहे त्यांच्यासाठी ही सोय नाहीच. आणि कंपनीच्याच माहितीप्रमाणे, बीपी असलेल्या दर शंभरातल्या जेमतेम ४१ जणांना ती सूचना मिळते. म्हणजे सूचना आली तर मोजून घ्या, पण आली नाही म्हणून पेढे वाटू नका.

खरोखर बीपी मोजणारी घड्याळंही आहेत. ओमरॉनचं हार्टगाइड आणि हुवावेचं वॉच डी यांच्या पट्ट्यातच फुगा असतो, तो मनगट आवळतो आणि मोजतो. ओळखायची सोपी खूण हीच, की आवळलं नाही तर मोजलं नाही. पण मनगटावर मोजताना हात छातीच्या पातळीला धरावा लागतो. हात त्याहून १० सेंटीमीटर खाली गेला की ७-८ मिलीमीटर फुकटचे वाढतात.

‘हे तुमचं मत झालं’ असंही ऐकून घेतलंय, म्हणून सांगतो. युरोपच्या हायपरटेन्शन सोसायटीनं २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की बिनपट्ट्याची यंत्रं निदानासाठी किंवा उपचारासाठी वापरू नयेत. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी ऑगस्ट २०२५ मध्ये स्मार्टवॉचचं नाव घेऊन तेच सांगितलं. पाठोपाठ सप्टेंबरात एफडीएनं मान्यता नसलेली बीपीची यंत्रं वापरू नका असा जाहीर इशारा दिला. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून बीपीची मशीनं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. त्यामुळे घड्याळाच्या खोक्यावर समोर ठळक ‘बीपी’ छापतात आणि मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ असं लिहून मोकळे होतात. भिंग घ्या आणि वाचा.

एवढं चिडायचं कारण काय, तर आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ या देशभरच्या पाहणीत, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. दर तिघांत एकाहून जास्त. यातल्या अनेकांना काही म्हणजे काही जाणवत नाही, त्यामुळे मशीन लावल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या माणसाचं बीपी मोजायचं, नोंद ठेवायची, गोळ्या मोफत द्यायच्या आणि तो पुढच्या महिन्यात आला नाही तर त्याला शोधून आणायचं, एवढा साधा तो कार्यक्रम. आशाताई ज्याला मशीनपर्यंत आणायला उन्हात पायपीट करतात, तोच माणूस ‘माझं रोज बघतो घड्याळात’ म्हणून घरी बसला, तर काय बोलायचं?

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो.

‘पाऱ्याचंच खरं, डिजिटल खोटं.’ तपासून मान्य झालेलं, दंडाचं डिजिटल मशीन घरासाठी उत्तम. पारा विषारी म्हणून जगभर हद्दपार होतोय, अधिक अचूक म्हणून जपला जात नाहीये.

‘ठोके वाढले म्हणजे बीपी वाढलं.’ दोन्ही वेगळे. ठोके ७० असून बीपी १७० असलेले लोक ढिगानं सापडतात.

‘बीपी चढलं की मला डोकं दुखून कळतं.’ बहुतेकांना कळत नाही, आणि डोकं दुखायला इतर शंभर कारणं आहेत.

‘घड्याळातल्या ईसीजीत हार्ट अटॅक कळतो.’ नाही. ठोक्यांची लय बिघडली तर काही घड्याळांना ते ओळखता येतं, आणि तेवढ्यापुरती ती कामाचीही आहेत. छातीत दुखत असताना घड्याळाकडे बघत बसू नये.

‘आता तर साखरही दाखवतं.’ सुई न टोचता स्वतः रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असं एफडीएनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. इन्सुलिन घेणाऱ्यानं असल्या आकड्यावर डोस ठरवला तर जिवाशी खेळ आहे.

‘आमच्याकडे मशीन आहे, पण ते काहीही दाखवतं.’ इथे जरा थांबतो, कारण बऱ्याचदा दोष मोजण्यात असतो. जिना चढून आल्या आल्या, चहाचा कप हातात, टीव्हीवर बातम्या आणि शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा, असं मोजलं तर मशीन तरी काय करणार? चहा, तंबाखू, व्यायाम झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसा. बोलायचं नाही, फोनवर तर नाहीच. हात टेबलावर ठेवा, उघड्या दंडाला पट्टा बांधा आणि तो छातीच्या पातळीला येऊ द्या. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या प्रयोगात हात मांडीवर ठेवल्यावर वरचा आकडा सरासरी ३.९ नं आणि शरीरालगत लोंबता सोडल्यावर ६.५ नं जास्त आला होता. तिथल्याच दुसऱ्या प्रयोगात, ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधला, तर वरचा आकडा १९.५ नं फुगला. दंड जाड असेल तर मेडिकलवाल्याकडे मोठा पट्टा मागा. मशीनसोबत आलेलाच वापरला पाहिजे असं नाही. नवं मशीन एकदा दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मशीनशेजारी लावून बघा.

डॉक्टरांकडे जायच्या आधी सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री जेवणाच्या आधी, मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. आलेला आकडा वहीत लिहा, न आवडलेलाही. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५-८५ किंवा जास्त आली तर ते उच्च रक्तदाबात मोडतं. गोळी वाढवायची, कमी करायची की बदलायची, हे डॉक्टर ती वही बघून ठरवतील. आणि एखाद्या वेळी आकडा १८०-१२० च्या वर गेला, सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, जीभ अडखळतेय किंवा एका बाजूचा हात लुळा वाटतोय, तर पुन्हा मोजत बसू नका. १०८ ला फोन लावा.