उतारावरची जोती

दक्षिण वेल्समधल्या गेलिगाएरच्या माळावरची मध्ययुगीन वस्ती पाहायची तर थंडीत जावं. नेच्यांचं रान तेव्हा करपून बसलेलं असतं आणि ऊन इतकं तिरपं, की वीतभर उंचवट्याचीही लांब सावली पडते. भिंत, छप्पर यांतलं काहीच दिसत नाही. दिसतात ती उतारात कोरलेली घरांची जोती, समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटरवर, वाऱ्याच्या थेट माऱ्यात.

सर्वेक्षकांच्या पायांना जोतं आधी कळतं. वरून येताना पाऊल एकदम खाली जातं, मग काही पावलं सपाट, मग पुन्हा उतार. वरच्या टोकाला डोंगर खणायचा, तीच माती खालच्या टोकाला भरायची, अशी ही सपाटी. घराची लांबी उताराच्या दिशेने ठेवलेली, म्हणजे वरून येणाऱ्या पाण्यापुढे फक्त अरुंद बाजू. तिच्याही मागे अर्धगोल बांध. भर पावसात मी त्या बांधापाशी उभा होतो. ओहळ आला, बांधाला लागला, वळला आणि बाजूने निघून गेला. घरं गेली, पण पाण्याची सोय चालू आहे! या माणसांची हुशारी मला इथे सर्वांत स्पष्ट दिसली.

मग टेप, खुंट्या आणि कागद. उतार दाखवायला बारीक रेघा काढतात, बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांसारख्या: जाड डोकं चढाच्या माथ्याला, शेपूट खाली. माथा नेमका कुठे, यावर दोन अनुभवी माणसंही बराच वेळ अडतात. ते ठरल्याशिवाय पेन्सिल टेकत नाही.

पुरातत्त्वज्ञ आयलीन फॉक्स यांनी 1936 मध्ये याच माळावर, दिनास नोध्वा इथे खणलं. 1938 मध्ये माळावर पुन्हा. छप्पर तोलणाऱ्या खांबांचे खड्डे सापडले, वस्तू मात्र फार थोड्या. ही बारमाही घरं, की उन्हाळ्यात गुरं वर आणल्यावर राहायची ‘हावोड’, हा वाद तेव्हापासून आहे. उन्हाळ्यापुरत्या निवाऱ्यासाठी कुणी एवढा डोंगर कापेल, हे मला पटत नाही. अर्थात दरवर्षी परतायचं असेल तर कापेलही.

खणणं म्हणजे पुरावा कायमचा मोडणं, म्हणून आता शक्यतो मोजणीवरच भागवतात. धोका वेगळाच आहे: नेच्यांची जाड खोडं जमिनीखालून पसरत जातात आणि खांबांचे खड्डे ओळखू येईनासे करतात.