स्लॅबचा दिवस

स्लॅब भरायचा त्या दिवशी साइट इंजिनिअरचं खरं काम काँक्रीटची पहिली गाडी फाटकात शिरण्याआधीच उरकलेलं असावं लागतं. एकदा काँक्रीट पडलं की सळई दिसत नाही, तिच्याखालचं कव्हर दिसत नाही, बीमच्या तळाशी राहून गेलेली लाकडाची ढलपीही दिसत नाही. इमारत पुढे पन्नास वर्षं उभी राहील, पण तिचा सांगाडा उघडा असतो तो जेमतेम काही दिवस. त्या दिवसांत तो नीट पाहायची जबाबदारी ज्याच्यावर असते, तो बहुतेक वेळा पंचविशीही न गाठलेला मुलगा असतो. अलीकडे मुलीही असतात.

पुण्याच्या वाकड-बाणेर पट्ट्यातली एखादी बारा मजली इमारत घ्या. सकाळी आठला कामगारांची हजेरी होते. हेल्मेट आणि बेल्टची तपासणी होते, कुठल्या कडेला जाळी नाही, कुठली डक्ट उघडी आहे ते सांगून होतं. इंजिनिअर घरी मराठी बोलत असला तरी हे सगळं तो हिंदीत सांगतो, कारण बारबेंडरची टोळी बंगाल किंवा झारखंडची असते आणि सेंट्रिंगवाले बिहार-उत्तर प्रदेशचे. मग टेप, खडू आणि घडी घालून मऊ पडलेलं ड्रॉइंग घेऊन तो वर चढतो.

ड्रॉइंगमध्ये १० मिमीची सळई १५० मिमीवर म्हटलेली असेल, तर प्रत्यक्षात ती १७० वर गेली आहे का हे दोन-चार ठिकाणी टेप लावल्यावरच कळतं. कॉलमच्या रिंगा जोडाजवळ दाट हव्यात, आणि नेमक्या तिथेच त्या बांधायला अवघड म्हणून विरळ होतात. मग कव्हर. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे कोरड्या, आडोशाच्या जागी स्लॅबच्या सळईखाली किमान २० मिमी काँक्रीट हवं, कॉलमला ४०. हे अंतर राखायला सळईखाली छोटे सिमेंटचे ठोकळे ठेवतात. ठोकळा निसटला की सळई थेट फळीवर टेकते. अशा जागी पुढे ओल पोचते, सळई गंजते, गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा मागतं आणि छताचे पोपडे सुटतात. जुन्या इमारतींच्या छतांतून डोकावणारी लाल सळई पाहिली की त्या स्लॅबच्या दिवशी तिथे वाकून कुणी पाहिलं नव्हतं, असाच बहुधा त्याचा अर्थ असतो.

माझ्या मते या तपासणीत सर्वांत जास्त वेळ बाल्कनीला द्यायला हवा. खोलीचा स्लॅब चारही बाजूंनी टेकलेला असतो. तो मध्यभागी वाकतो आणि ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई खाली. बाल्कनी एकाच कडेवर लटकते. तिचा ताण वरच्या अंगाला, म्हणून तिची मुख्य सळई वर. पण काँक्रीट भरताना माणसं त्याच सळईवरून चालतात, पंपाचा पाइप तिच्यावरूनच ओढला जातो. खाली आधाराच्या चेअर कमी असतील तर सळई दबत दबत खाली जाते. दीडशे मिमीच्या स्लॅबमध्ये ती तीस-चाळीस मिमी खाली गेली, तरी स्लॅबच्या तळापासून सळईपर्यंतच्या ज्या अंतराच्या हिशेबावर डिझाइन उभं असतं त्याचा मोठा हिस्सा गेला. वरून काहीच दिसत नाही. फरशी बसते, रेलिंग लागतं, कुणी तिथे तुळस ठेवतं. म्हणून चांगला इंजिनिअर बाल्कनीत चेअर मोजतो, चालायला फळ्या टाकून घेतो आणि भरताना स्वतः तिथे उभा राहतो.

हे सगळं झाल्यावर पोअर कार्डवर, म्हणजे काँक्रीट भरायच्या परवानगीच्या कागदावर, सही. ती सही होईपर्यंत काँक्रीट मागवायचं नाही हा नियम, आणि तो मोडायचा दबाव रोजचा. ठेकेदाराची माणसं ताटकळलेली असतात, पंप भाड्याचा असतो, ढग भरून आलेले असतात. "साहब, जाने दो ना, गाडी निकल गई है," हे वाक्य पहिल्याच महिन्यात कानावर पडतं. समोरच्या मुकादमाने या मुलाच्या वयाहून जास्त वर्षं सेंट्रिंग ठोकलेलं असतं. त्याला "दादा, चार चेअर अजून लागतील, त्याशिवाय नाही," असं आवाज न चढवता सांगणं आणि चेअर लागेपर्यंत तिथून न हलणं कॉलेजात कुणी शिकवत नाही. हे ज्याला जमतं तोच साइटवर टिकतो.

साठ क्युबिक मीटरचा स्लॅब म्हणजे सहाच्या दहा गाड्या. प्रत्येक गाडीचं चलन पाहायचं: ग्रेड कोणती, प्लांटवरून किती वाजता सुटली. रेडीमिक्स मिसळल्यापासून साधारण दोन तासांत उतरायला हवं, आणि हिंजवडीच्या रस्त्यावर दोन तास कसे जातात ते सगळ्यांना माहीत आहे. मग स्लम्प. तीनशे मिमी उंचीच्या शंकूत माल थराथराने भरायचा, दर थराला सळईने पंचवीस वेळा ठोसायचं, शंकू उचलायचा आणि माल किती बसला ते मोजायचं. माल घट्ट निघाला की पंपवाला हमखास पाणी मागतो. पाण्याने माल सरसर वाहतो, सगळ्यांचे हात हलके होतात, आणि काँक्रीटची ताकद तिथेच उतरते. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं त्याहून जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे सूक्ष्म छिद्रं सोडतं. म्हणून पाइप लावू द्यायचा नाही. प्लांटच्या माणसाला बोलावून त्याच्या हाताने ठरलेल्या मापात अ‍ॅडमिक्स्चर घालून घ्यायचं, नाहीतर गाडी परत पाठवायची. गाडी परत पाठवणं हा साइटवरचा सर्वांत महागडा नकार असतो.

जेवण गाड्यांच्या मधल्या वेळात, उभ्या उभ्या.

दुपारनंतर सगळं लक्ष दोन गोष्टींवर. व्हायब्रेटरची सुई बीम-कॉलमच्या जोडात, जिथे सळयांची गर्दी असते, तिथे खरोखर उतरते आहे का? नाही उतरली तर फळ्या काढल्यावर तिथे नुसती खडी दिसते. आणि पहिल्या मालाशी पुढचा माल वेळेत जुळतो आहे का? पंप बंद पडला, गाड्या अडकल्या, तर काम कुठे थांबवायचं हे इंजिनिअरला मनाशी आधीच ठरवून ठेवावं लागतं. आधाराजवळ नाही, तर मधल्या भागात, जिथे कातर बल कमी असतं. शेवटच्या गाडीचा हिशेबही त्याचाच: उरलेली जागा मोजायची, जाडीने गुणायची आणि प्लांटला आकडा कळवायचा.

रात्री ऑफिसच्या कंटेनरमध्ये दिवसाचा अहवाल लिहायचा: किती माणसं, किती माल, किती वाजता सुरू, किती वाजता बंद. अशा कागदांतच त्याचं नाव राहतं. इमारतीच्या ब्रोशरवर आर्किटेक्ट असतो, आरसीसी कन्सल्टंट असतो. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरला तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. असे कितीतरी दोष या मुलांच्या टेपने आधीच अडवलेले असतात, पण खरेदीदाराला त्यांचं नाव कधी कळत नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. सोसायटीला मिळणाऱ्या कागदपत्रांत प्रत्येक स्लॅबचं पोअर कार्ड, सहीसकट, असायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर मालाचे छोटे बांध घालून पाणी साठवायचं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, फ्लायअ‍ॅशवाल्याला दहा. खाली सेंट्रिंगवाल्याला पुढच्या मजल्यासाठी जॅक हवे असतात, आणि साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे जॅक सात दिवस, त्याहून मोठ्याखालचे चौदा दिवस हलवायचे नसतात. तारीख खडूने कॉलमवर लिहून ठेवली तरी कुणीतरी पाचव्या दिवशी हातोडा घेऊन येतंच. इंजिनिअर त्यासाठीही खाली उतरतो.

काँक्रीटची ताकद तपासायला साठ क्युबिक मीटरला पाच नमुने, प्रत्येकाचे तीन क्यूब, शिवाय सातव्या दिवसासाठी वेगळे. एम २५ ग्रेडच्या काँक्रीटचा दीडशे मिमीचा क्यूब यंत्रात फुटताना साधारण सत्तावन्न टनांचा भार सोसलेला असावा लागतो. हा निकाल अठ्ठावीस दिवसांनी येतो आणि तोवर त्या स्लॅबवर आणखी दोन मजले चढलेले असतात. त्यातही क्यूब फक्त मालाबद्दल बोलतो. बाल्कनीतली सळई वर राहिली की खाली गेली, हे तो सांगू शकत नाही.