नांगराच्या तासासारखी रेघ

ड्रायपॉइंट म्हणजे आम्ल न वापरता, नुसत्या सुईने पत्रा कोरून काढलेले छापचित्र. कलाशाळेत ते शिकताना मला हट्ट्याची शेतीच आठवे. नांगराच्या तासाकडेला माती उचलते, तसा तांब्यावर रेघेच्या कडेला धातूचा बारीक कंगोरा उभा राहतो. पत्रा पुसला तरी तिथे शाई अडते. ओलसर कागदावर रेघ मखमली उमटते. पण यंत्राच्या दाबाखाली कंगोरा दर छापाला झिजतो. रेम्ब्रांटने १६५३ मध्ये ‘तीन क्रूस’ प्रामुख्याने असेच कोरले. पुढे तोच पत्रा पुन्हा कोरून चित्राचे रूपच पालटले. गावी चित्र मागणारे पुष्कळ, दाट ठसे मोजकेच. फिकी प्रत कुणाच्या हाती ठेवायची नाही, एवढे मात्र मी ठरवले आहे. वेळीच थांबणे हीसुद्धा कलाच.