ऑनलाइन किराणा आणि सुपरमार्केट : सामान वाहण्याच्या श्रमाचे अर्थशास्त्र

प्रस्तावना

महिन्याच्या आरंभी वाणसामानाची यादी करणे आणि त्याप्रमाणे सामान भरणे हा महाराष्ट्रातील नोकरदार कुटुंबाचा जुना परिपाठ आहे. ही यादी पूर्वी वाण्याच्या हाती दिली जात असे. पुढे ती सुपरमार्केटमधील ढकलगाडीबरोबर फिरू लागली आणि आता ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उतरली आहे. ऑनलाइन किराणा आणि सुपरमार्केट यांची तुलना करताना सामान्यतः दर, वेळ आणि सोय हे तीन निकष लावले जातात. हे निकष चुकीचे नाहीत. तथापि ते अपुरे आहेत. दुकानातील फळीपासून स्वयंपाकघरातील डब्यापर्यंत वस्तू आणण्यासाठी जे श्रम लागतात ते कोण करतो आणि त्यांचे मोल कोण देतो, हा प्रश्न या तुलनेच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने दोन्ही पद्धतींचे विवेचन केले आहे.

स्वयंसेवा : दुकानदाराचे श्रम ग्राहकाकडे

सुपरमार्केटचे वैशिष्ट्य त्याच्या आकारात किंवा झगमगाटात नाही, ते स्वयंसेवेत आहे. अमेरिकेतील मेम्फिस या शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने १९१६ मध्ये ‘पिगली विगली’ हे दुकान सुरू केले. तोपर्यंत ग्राहक वस्तूचे नाव सांगत असे आणि दुकानातील नोकर ती काढून, मोजून, बांधून देत असे. सॉन्डर्सने ग्राहकाला थेट फळ्यांपर्यंत जाऊ दिले. वस्तू शोधणे, उचलणे आणि हिशेबाच्या टेबलापर्यंत आणणे ही कामे ग्राहकाने स्वतः करावीत आणि त्या बदल्यात त्याला दर कमी लागावा, असा हा व्यवहार होता. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटी येथे सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने चाकांची ढकलगाडी आणली. हात भरून येईपर्यंतच खरेदी करणारा ग्राहक आता गाडी भरेपर्यंत खरेदी करू लागला. वाहण्याचे श्रम हलके झाले, पण ते ग्राहकाकडेच राहिले.

महाराष्ट्रात ही पद्धत रुजविण्यात सहकारी ग्राहक भांडारांचा वाटा मोठा आहे. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ मध्ये आरंभ झालेली आणि पुढे ‘अपना बाजार’ या नावाने ओळखली गेलेली संस्था हे त्याचे ठळक उदाहरण होय. खासगी क्षेत्रात ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान २००२ मध्ये पवई येथे उघडले. छापील कमाल किमतीपेक्षा कमी दराने विक्री हे या साखळीचे मुख्य आकर्षण राहिले आहे. जागा शक्यतो स्वमालकीची ठेवणे, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून सवलत मिळविणे आणि सजावटीवर बेताचा खर्च करणे ही त्यामागील कारणे व्यवस्थापनाच्या वर्गात शिकविली जातात. त्यांत आणखी एका कारणाची भर घालावयास हवी. रविवारी सायंकाळी बिलाच्या रांगेत उभे राहणारा आणि दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन रिक्षा शोधणारा ग्राहक हाही या व्यवस्थेतील एक बिनपगारी कामगार आहे. त्याला मिळणाऱ्या सवलतीचा काही भाग ही वस्तुतः त्याच्याच श्रमाची मजुरी होय.

ऑनलाइन किराणा : श्रमांचा उलटा प्रवास

ऑनलाइन किराण्यात वस्तू शोधणे, उचलणे, बांधणे आणि वाहणे ही सर्व कामे पुन्हा विक्रेत्याकडे जातात. सॉन्डर्सने ग्राहकाच्या खांद्यावर दिलेले ओझे विक्रेता परत आपल्याकडे घेतो. साहजिकच त्यासाठी त्याला माणसे नेमावी लागतात आणि त्या माणसांना मोबदला द्यावा लागतो. हा साधा हिशेब नजरेआड केल्यामुळे या व्यवसायातील पहिली मोठी कंपनी बुडाली. ‘वेबव्हॅन’ने १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात घरपोच किराणा सुरू केला, अवाढव्य यांत्रिक गोदामे उभारली, ग्राहकाने निवडलेल्या अर्ध्या तासाच्या वेळेत माल पोहोचविण्याचे वचन दिले आणि जुलै २००१ मध्ये दिवाळखोरी पत्करली. गोदामे भरण्याइतक्या मागण्या आल्या नाहीत आणि प्रत्येक फेरीचा खर्च मात्र चुकला नाही. याच सुमारास ब्रिटनमधील ‘टेस्को’ने स्वतंत्र गोदामे न बांधता आपल्या असलेल्या दुकानांतूनच नोकरांकरवी माल निवडून घरोघर पाठविण्याची पद्धत अवलंबिली. ती दिसावयास कमी आधुनिक होती, पण टिकली.

भारतातील स्थिती थोडी वेगळी आहे. येथे घरपोच सेवा मुळात नवी नाही. फोनवर यादी सांगावी आणि वाण्याच्या दुकानातील मुलाने सामान घरी टाकावे, महिनाअखेरीस खात्यावरील रक्कम चुकती करावी, हा व्यवहार शहरांत व निमशहरांत सर्रास चालत आला आहे. म्हणजे सुपरमार्केटने आपल्याकडील ग्राहकाची घरपोच सेवा आणि उधारी काढून घेतली व त्या बदल्यात सवलत दिली. ऑनलाइन कंपन्यांनी घरपोच सेवा परत देऊ केली आणि सवलतही कायम ठेवण्याचे आश्वासन दिले. या दुहेरी आश्वासनाचा खर्च आरंभीची अनेक वर्षे गुंतवणूकदारांच्या भांडवलातून भागविला गेला, हे येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

२०११ मध्ये बंगळूरु येथे सुरू झालेल्या ‘बिगबास्केट’ची मूळ पद्धत नियोजित वेळेत मोठी मागणी पोहोचविण्याची होती. २०२१ पासून मात्र चित्र पालटले. ‘ग्रोफर्स’चे ‘ब्लिंकिट’ झाले, मुंबईत ‘झेप्टो’चा उदय झाला आणि काही मिनिटांत सामान पोहोचविण्याची स्पर्धा लागली. यासाठी वस्तीवस्तीत ‘डार्क स्टोअर’ उभी राहिली. डार्क स्टोअर म्हणजे ग्राहकाला प्रवेश नसलेले, केवळ मागणीनुसार माल काढण्यासाठी मांडलेले छोटे गोदाम.

येथील हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, किराण्यावर खरेदी-विक्रीच्या दरांतील फरक विक्रीच्या २० टक्के सुटतो आणि माल निवडून घरी पोहोचविण्यास एका फेरीस ६० रुपये लागतात. ४०० रुपयांच्या मागणीवर ८० रुपये सुटतील. त्यांतून ६० रुपये फेरीचे वजा जाता भाडे, वीज, नासधूस व पगार यांसाठी २० रुपये उरतील. हीच मागणी २,४०० रुपयांची असेल तर ४८० रुपये सुटतील आणि फेरीचा खर्च दुप्पट धरला तरी ३६० रुपये शिल्लक राहतील. कोथिंबिरीची जुडी आणि अर्धा लिटर दूध मागविणारा ग्राहक म्हणूनच कंपनीला परवडत नाही. मग हाताळणी शुल्क, लहान मागणीचे शुल्क, पावसाचे शुल्क अशी नावे बिलात दिसू लागतात, किंवा ‘आणखी इतक्या रुपयांची खरेदी करा, पोहोच मोफत’ असा आग्रह केला जातो. कमाल किरकोळ किमतीपेक्षा अधिक दर आकारण्यास कायद्याने बंदी आहे. परंतु सेवेचे शुल्क वेगळे दाखविले की वस्तूचा दर कागदोपत्री मर्यादेतच राहतो. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ संगणकीय क्लृप्त्यांची यादी अधिसूचित केली. शेवटच्या टप्प्यावर शुल्क उघड करणे आणि न मागितलेली वस्तू टोपलीत घालणे या दोन्हींचा त्यात समावेश आहे. सुपरमार्केटही याबाबत निष्पाप नाही. रोजच्या गरजेच्या वस्तू आतल्या बाजूस आणि चॉकलेटे बिलाच्या रांगेलगत ठेवण्यामागे हेतू असतोच. फरक इतकाच की तेथे ढकलगाडीत काय पडले ते डोळ्यांना दिसते.

निवडीचे कौशल्य

श्रमाबरोबर एक कौशल्यही हस्तांतरित होते. भेंडीचे टोक मोडून पाहणे, नारळ कानाशी हलविणे, तांदळाचा दाणा दाताखाली धरणे ही परीक्षा ग्राहक स्वतःसाठी करतो. गोदामातील कामगार ती अनोळखी माणसासाठी, घड्याळाकडे पाहत करतो. त्यामुळे बंद पाकिटातील साखर, साबण व तेल यांबाबत दोन्ही पद्धतींत विशेष भेद राहत नाही. भाजी, फळे आणि मासळी यांबाबत तो बराच राहतो. पाकिटावरील मुदतीची तारीखही दुकानात पाहता येते, पडद्यावर बहुधा दिसत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना, वस्तू पोहोचतेवेळी तिच्या टिकण्याच्या मुदतीपैकी किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, अशी सूचना केली ती याच कारणास्तव. डार्क स्टोअरची स्वच्छता हाही असाच अदृश्य विषय आहे. सुपरमार्केटमधील घाण ग्राहकाला दिसते व तो परत फिरतो. जेथे त्याला प्रवेशच नाही तेथे शासकीय तपासणीवाचून गत्यंतर नाही. जून २०२५ च्या आरंभी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतील अशाच एका केंद्राचा परवाना निलंबित केला होता.

घरातील वेळ आणि रस्त्यावरील वेळ

ऑनलाइन किराण्यावर आळसाचा आरोप करणे सोपे आहे आणि तो बहुधा ज्यांना सामान आणावे लागत नाही त्यांच्याकडून होतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. घरासाठीची खरेदी ही या घरकामातच मोडते. नोकरीवरून परतताना वाकडी वाट करून दळण आणि भाजी आणणाऱ्या स्त्रीला, घरात अंथरुणाला खिळलेले रुग्ण असणाऱ्या कुटुंबाला किंवा चौथ्या मजल्यावर उद्वाहनाविना राहणाऱ्या वृद्ध दांपत्याला घरपोच सेवा म्हणजे चैन नव्हे.

तथापि घरातील वाचलेली मिनिटे रस्त्यावर कोणीतरी खर्च करीत असतो. दुचाकीवरून सामान नेणाऱ्या मुलांना बहुतांशी फेरीमागे मोबदला मिळतो. वाहन, इंधन व दुरुस्ती त्यांची स्वतःची असते. कायद्याच्या दृष्टीने ते दीर्घकाळ नोकर नव्हते, ‘भागीदार’ होते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा प्रकारच्या सर्व व्यवसायांतील कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख अंदाजिली असून २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असे म्हटले आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये या कामगारांची प्रथमच कायदेशीर व्याख्या करण्यात आली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीनुसार कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, परंतु कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षेसाठी अंशदान द्यावयाचे आहे. विमा आणि निवृत्तिवेतन यांचा विचार त्यात आहे. फेरीचा किमान दर आणि वेगाची सक्ती यांचा नाही. मुसळधार पावसात तुंबलेल्या रस्त्यावरून दह्याचे पाकीट नेण्याची घाई ही ग्राहकाच्या गरजेतून जन्मलेली नसून कंपन्यांच्या परस्परस्पर्धेतून जन्मली आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

मधला मार्ग

श्रम ग्राहकाचे की विक्रेत्याचे, या दोन टोकांमध्ये तिसरी शक्यता महाराष्ट्राने फार पूर्वीच आजमावली आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरण योजनेत शेजारची कुटुंबे मिळून ग्राहक संघ बनवितात, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवितात, सर्वांचा माल एकत्र एका ठिकाणी येतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. येथे घरोघर फेरी नाही, दुकानाचे भाडे नाही, जाहिरात नाही. शेवटच्या टप्प्याचे श्रम सभासद आळीपाळीने वाटून घेतात. ‘डी-मार्ट’ने मुंबई परिसरात सुरू केलेल्या ऑनलाइन सेवेतही आरंभी मागविलेला माल ग्राहकाने जवळच्या केंद्रावरून स्वतः उचलावा अशी योजना होती. पुढे ग्राहकांचा कल घरपोच सेवेकडेच झुकला. ग्राहक संघाला लागणारी महिनाभर आधीची यादी, ठरलेल्या दिवशी घरी कोणीतरी असण्याची खात्री आणि शेजाऱ्याशी बोलण्याइतकी ओळख या तिन्ही गोष्टी शहरी जीवनात दुर्मीळ झाल्या आहेत. मोठ्या गृहसंकुलांत मात्र ही ओळख व्हॉट्सॲपच्या गटांतून काही अंशी परत येताना दिसते. तेथे हापूसच्या पेट्या, गूळ, इंद्रायणी तांदूळ यांची एकत्रित मागणी शेतकऱ्याकडे थेट नोंदविली जाते, टेम्पो फाटकाशी थांबतो आणि प्रत्येक जण खाली येऊन आपला वाटा घेऊन जातो.