एका कमाईवर दोन चुली

वाचकहो, शाळेतल्या भिंतीवरचा आफ्रिकेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला या खंडाचा मोठा फुगवटा समुद्रात शिरलेला दिसतो. त्या फुगवट्याच्या खालच्या काठाला घाना नावाचा देश आहे. इंग्रजांच्या अमलात त्याला 'गोल्ड कोस्ट', म्हणजे सोन्याचा किनारा म्हणत. ६ मार्च १९५७ रोजी तो स्वतंत्र झाला. क्वामे एन्क्रुमा हे त्याचे पहिले पंतप्रधान. तिथल्या अकान लोकांत मुलाला जन्मवारावरून नाव देण्याची रीत आहे. शनिवारी जन्मला तो क्वामे, शुक्रवारी जन्मला तो कोफी. संयुक्त राष्ट्रांचे १९९७ ते २००६ या काळातले सरचिटणीस कोफी अन्नान हे याच देशाचे.

या देशाच्या जमिनीत सोने आहे आणि रानात कोको पिकतो. आपण चॉकलेट खातो ते या कोकोच्या बियांचे. असे असूनही घानाची लाखो माणसे आज देशाबाहेर राहतात. लंडनमध्ये त्यांच्या वस्त्या आहेत, ॲमस्टरडॅममध्ये आहेत, न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात आहेत. तिथेच जन्मलेल्या लोकांच्या मानाने त्यांचे शिक्षण, त्यांची कमाई, त्यांचे घरदार कसे आहे? फरक दिसतो तो कशामुळे? आज आपल्याला एवढेच समजून घ्यायचे आहे. तुम्ही म्हणाल, घानाच्या माणसांशी आपल्याला काय करायचे आहे? पण परगावाहून आलेल्या माणसाची किंमत कशी करावी, हा प्रश्न कोणत्या गावाला चुकला आहे?

आधी ही माणसे घरातून निघाली का, ते पाहू. स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षे मोठ्या उमेदीची होती. व्होल्टा नदीवर अकोसोंबोचे प्रचंड धरण १९६५ साली पुरे झाले. पण त्याच सुमारास जगाच्या बाजारात कोकोचे भाव कोसळले. देशाची सारी मदार एका पिकावर. १९६६ साली लष्कराने सत्ता घेतली. पुढे पैशाची किंमत घसरत गेली आणि महिन्याचा पगार आठवड्यात संपू लागला. तेव्हा शेजारच्या नायजेरियात खनिज तेलाचा पैसा वाहत होता. घानाचे मजूर तिकडे गेले आणि त्यांच्यामागून शाळामास्तरही गेले.

मग जानेवारी १९८३ मध्ये नायजेरियाच्या सरकारने हुकूम काढला: ज्यांच्याजवळ रीतसर कागद नाहीत अशा परदेशी लोकांनी देश सोडावा. दहा लाखांहून अधिक घानावासी काही आठवड्यांत रस्त्यावर आले. हाताला येईल ते सामान त्यांनी चौकड्यांच्या मोठ्या पिशव्यांत कोंबले. पश्चिम आफ्रिकेत त्या पिशवीचे नावच पडले 'घाना मस्ट गो', म्हणजे 'घानावाल्यांनो, चालते व्हा'. ते घरी पोचले तेव्हा देशात दुष्काळ होता आणि रानांना वणवे लागलेले होते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याआधी १९६९ साली घानाच्या सरकारनेही असाच हुकूम काढून परक्यांना बाहेर काढले होते आणि त्यांत नायजेरियाचे लोक पुष्कळ होते. आज जो यजमान, तो उद्या पाहुणा होतो. दिवस फिरायला वेळ लागत नाही.

नायजेरियाचे दार असे बंद झाल्यावर लोकांनी युरोप-अमेरिकेची वाट धरली. पण ही वाट सगळ्यांना परवडणारी नव्हती. विमानाचे तिकीट हवे, पारपत्र हवे, पलीकडे कोणी ओळखीचे हवे. अमेरिकेने १९९० साली कायदा करून एक सोडत काढली. १९९५ पासून पुढे कित्येक वर्षे दरवर्षी पन्नास हजारांच्या आसपास लोकांना तिच्यातून प्रवेश मिळाला आणि त्यांत घानाचे लोक बरेच होते. पण अर्ज करायचा तर शाळेचे पुरे शिक्षण किंवा कसबाच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव पाहिजे, अशी अट होती. म्हणजे जे लांब गेले ते गावातल्या सरासरी माणसाचा नमुना नव्हते. चाळणीतून गाळून निघालेली ती माणसे होती.

आता अमेरिकेचे आकडे पाहा. हे आकडे सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्या सर्व आफ्रिकी लोकांचे आहेत. घाना हा त्यांतल्या मोठ्या गटांपैकी एक. २०१९ साली या लोकांतल्या पंचवीस वर्षांवरील शंभर जणांत ४२ पदवीधर होते, तर अमेरिकेत जन्मलेल्या शंभरांत ३३. सोळा वर्षांवरील शंभरांत ७५ जण कामावर किंवा कामाच्या शोधात होते, तर अमेरिकेत जन्मलेल्यांत ६२. शिक्षण जास्त, काम जास्त, मग कमाईही जास्तच असणार, नाही का? पण नाही. सगळी घरे उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभी केली आणि बरोबर मधले घर निवडले, तर आफ्रिकेतून आलेल्यांच्या रांगेत ते वर्षाला ५८ हजार डॉलरांचे निघते आणि अमेरिकेत जन्मलेल्यांच्या रांगेत ६६ हजारांचे.

हे कोडे सोडवायचे तर आधी आकड्यांची एक खोड समजून घेतली पाहिजे. परदेशी जातो तो बहुधा कामाच्या वयाचा माणूस असतो. तिथल्या मूळच्या रहिवाशांत मात्र निवृत्त झालेले म्हातारेकोतारेही मोजले जातात. तेव्हा 'आलेले कष्टाळू, तिथले आळशी' असा निकाल या आकड्यांवरून देणे अन्यायाचे होईल. तसेच 'यांची कमाई कमी, म्हणजे यांची लायकी कमी' हा निकालही तितकाच खोटा.

मग कमाई घसरते कुठे? पहिली अडचण प्रमाणपत्राची. आपल्या देशात जी पदवी चार लोकांत मान मिळवून देते, तिचा परक्या देशात कागद होऊन बसतो. परिचारिकेला तिथली परीक्षा नव्याने द्यावी लागते. तोवर ती म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना न्हाऊ-खाऊ घालण्याचे काम करते. शिक्षक टॅक्सी चालवतो किंवा गोदामात रात्रपाळी करतो. पुढे परीक्षा पास झाली तरी मधली पाच-सात वर्षे गेली ती गेलीच.

दुसरी अडचण नावाची आणि रंगाची. २००९ साली ब्रिटिश सरकारच्या वतीने एक परीक्षा घेण्यात आली. सारख्याच लायकीचे अर्ज मालकांकडे पाठवले. फरक फक्त नावात. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला ९ अर्जांमागे एक होकारार्थी उत्तर आले. आफ्रिकी किंवा आशियाई वाटणाऱ्या नावांना तेवढ्याचसाठी १६ अर्ज करावे लागले. अर्जातली लायकी तीच, पण कोफीला जवळजवळ दुप्पट टपाल खर्चावे लागते!

तिसरी अडचण राहण्याच्या परवान्याची. यासाठी ॲमस्टरडॅमला जावे लागेल. त्या शहराच्या आग्नेयेला बाइल्मर नावाची वसाहत आहे. १९६० नंतरच्या दशकात सुखवस्तू डच कुटुंबांसाठी तिथे प्रचंड इमारती बांधल्या गेल्या. पण त्या कुटुंबांना बाग असलेली बैठी घरे हवी होती. गाळे रिकामे राहिले. त्यांत आधी सुरीनामचे आणि मग घानाचे लोक येऊन राहिले. कचेऱ्या झाडणे, हॉटेलांतली भांडी घासणे अशी कामे त्यांनी पत्करली. कित्येकांजवळ परवाना नव्हता. परवाना नाही म्हणजे युनियन नाही, तक्रार नाही, मालक देईल तो पगार. ४ ऑक्टोबर १९९२ च्या संध्याकाळी एक मालवाहू विमान या इमारतींवर कोसळले. एकूण ४३ माणसे दगावली. पण कित्येक दिवस मृतांचा नक्की आकडाच कळेना. कारण आत किती माणसे राहत होती याची सरकारी दप्तरात नोंदच नव्हती. त्यानंतर तिथे राहत असल्याचे सिद्ध करणाऱ्यांना राहण्याचा परवाना देण्यात आला. जी माणसे रोज पहाटे त्या शहराच्या कचेऱ्या झाडत होती, ती शहराला दिसली ती आग लागल्यावर!

आतापर्यंत आपण कमाईचे बोललो. पण शेतकरी जाणतो की कमाई वेगळी आणि पुंजी वेगळी. पीक एका सालाचे असते, जमीन बापजाद्यांची असते. इंग्लंडमधले २०१६ ते २०१८ चे आकडे सांगतात की शंभर गोऱ्या ब्रिटिश कुटुंबांपैकी ६८ स्वतःच्या घरात राहत होती. ज्यांना तिथे कृष्णवर्णीय आफ्रिकी म्हणून मोजतात, आणि घानाचे लोक त्यांतच येतात, त्यांच्या शंभर कुटुंबांपैकी फक्त २०. लंडनसारख्या महागड्या शहरात रिकाम्या हाताने उतरलेल्या माणसाला आजोबाचे घर कुठून मिळणार? आणि 'तिथलेच रहिवासी' हाही एकजिनसी गट नाही. अमेरिकेत २०१९ साली मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सुमारे आठपट होती. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जन्मलेल्या काळ्या माणसालाही पुंजी साठवू दिली गेली नाही, त्याचा हा हिशेब आहे. तेव्हा तुलना करताना 'कोणाशी?' हे आधी विचारावे.

आता आपण या विषयाच्या गाभ्याशी आलो. परदेशातल्या घानावासीयाच्या कमाईवर दोन चुली पेटतात. एक लंडनला, दुसरी कुमासीला किंवा त्यापलीकडच्या खेड्यात. २०२२ साली घानाबाहेरच्या लोकांनी चार अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम घरी पाठवली. त्यात बहिणीची फी आहे, आईचे औषध आहे, मामाच्या अंत्यविधीचा खर्च आहे. अंत्यविधी हा तिथे मोठा समारंभ असतो आणि नात्यातल्या प्रत्येकाने त्यात वाटा उचलायचा असतो. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर कोकणातली घरे कशी चालत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको.

बचतीची त्यांची एक जुनी रीतही आपल्या ओळखीची निघेल. तिला 'सुसू' म्हणतात. दहा-बारा जणांनी ठरावीक रक्कम जमवायची आणि दर खेपेला ती एकेकाने उचलायची. अहो, ही तर आपली भिशीच! बँक ज्याला दारात उभे करत नाही, त्याचे दुकान या सुसूवर उभे राहते. चर्च आणि गावकऱ्यांची मंडळे हा दुसरा आधार. खोली मिळवून देणे, नोकरी सांगणे, आजारपणात वर्गणी काढणे ही कामे ती करतात. सरकारी तक्त्यात या पुंजीचा रकाना नसतो.

याची दुसरी बाजूही झाकून ठेवता येणार नाही. जी परिचारिका लंडनच्या इस्पितळात जाते, ती घानातल्या एखाद्या दवाखान्यातून उठून गेलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली ५५ देशांची यादी काढली: इथे आरोग्यसेवकांचा तुटवडा आहे, इथून माणसे ओढून नेऊ नका, असे सांगणारी. घाना त्या यादीत आहे. तिने पाठवलेल्या पैशात भावाचे शिक्षण होते, पण गावातल्या बाळंतिणीला तो पैसा परिचारिका परत आणून देत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक उदाहरण फळ्यावर मांडून पाहा. समजा, दोन घरांत महिन्याला सारखेच तीन हजार डॉलर येतात. पहिल्या घरात एक माणूस दीडशे तास काम करतो. दुसऱ्या घरात नवरा-बायको मिळून अडीचशे तास राबतात आणि वर तीनशे डॉलर गावी पाठवतात. तक्त्यात दोन्ही घरे सारखी. पण ताशी मजुरी काढा: एकीकडे २० डॉलर, दुसरीकडे १२. खर्चाला उरले किती? एकीकडे तीन हजार, दुसरीकडे सत्तावीसशे. मुलांसाठी वेळ किती उरला, हेही विचारा. भागाकाराच्या या एका गणितात मुलांना अर्थशास्त्राचा एक धडा मिळेल.

शेवटी मुलांविषयी. इंग्लंडच्या शाळांत घानाच्या कुळातली मुले शालान्त परीक्षांत राष्ट्रीय सरासरीच्या बरोबरीने, पुष्कळदा तिच्याही पुढे गेलेली आढळली आहेत. ही मुले तिथेच जन्मलेली. मग त्यांना कोणत्या रकान्यात घालायचे, आलेल्यांच्या की तिथल्यांच्या? ब्रिटनमध्ये १९८३ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा बाप तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो. वर्गात पहिला येणारा मुलगा कायद्याने परका असू शकतो. बापाची पदवी जशी वाया गेली तशी मुलाचीही जाते का, हे तिथल्या मालकांच्या हाती आहे. नऊ अर्ज आणि सोळा अर्ज यांतले सात अर्जांचे अंतर मुलाच्या हुशारीने भरून निघत नाही.

तेव्हा एखाद्या समाजाची सरासरी कमाई कोणी सांगू लागला, तर लगेच मान डोलवू नका. त्या कमाईत किती हात राबले आणि तिच्यावर चुली किती पेटतात, एवढे त्याला जरूर विचारा. उसाच्या फडावर किंवा वीटभट्टीवर परगावचे कुटुंब आले, त्याचे मूल तुमच्या वर्गात येऊन बसले, की हाच प्रश्न तुमच्यापुढेही उभा राहील. पहिल्या दिवशी त्या मुलाचे नाव नीट विचारून हजेरीपटावर बिनचूक लिहा. आपली इथे नोंद झाली आहे, हे त्याला त्या दिवशी कळेल.