शाळेचा धावगट : येत्या शर्यती, गटाच्या बातम्या आणि थोडी उपयुक्त माहिती

विद्यार्थी मित्रहो, पालक बंधू-भगिनींनो आणि सन्माननीय विश्वस्त मंडळी,



दसऱ्याची सुट्टी संपून पहाटे गारवा पडू लागला की आपल्या आदिलाबादमध्ये धावण्याचा खरा हंगाम सुरू होतो. मे महिन्यात येथे पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो 10 अंशांच्याही खाली उतरतो. त्यामुळे धावण्याच्या सरावाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सर्वांत चांगले. शाळेचा सकाळचा धावगट याच काळात भरात असतो. या गटाविषयी पालक बरेच प्रश्न विचारतात. रोज धावून काय मिळते? मॅरेथॉन म्हणजे किती अंतर? लहान मुलांना त्यात उतरवावे का? प्रमाणपत्राचा नोकरीला उपयोग होतो का? या सर्वांची उत्तरे एकत्र द्यावीत म्हणून हा लेख.

धावगटाची परंपरा जुनी आहे

गटाने धावणे ही शहरी लोकांची नवी हौस आहे, असा काहींचा समज आहे. प्रत्यक्षात आपल्या मराठी मुलखात ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना 1906 साली झाली. 1919 साली तेथे झालेल्या क्रीडा स्पर्धांच्या वेळी सर दोराबजी टाटा हे संस्थेचे अध्यक्ष होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारे बरेचसे तरुण शेतकरी घरांतले होते. ते अनवाणी धावत होते आणि त्यांना कोणी शास्त्रशुद्ध शिक्षण दिलेले नव्हते. तरीही त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या जवळ जाणारी होती. हे पाहूनच भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवावा, हा विचार दोराबजींनी पुढे नेला.

1920 साली बेल्जियममधील अँटवर्प येथे हा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांनी 19 वा क्रमांक मिळवला. त्या वर्षीची ऑलिंपिक मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, म्हणजे 42.75 किलोमीटरची होती. विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की भारताच्या ऑलिंपिक संघाची सुरुवात एका जिमखान्याच्या मैदानावरील साध्या शर्यतींतून झाली. मैदान होते, वेळ मोजणारी माणसे होती आणि ठरलेल्या दिवशी शर्यत होत होती. धावगटाला आजही याहून फार काही लागत नाही.

कोणती शर्यत किती अंतराची?

मैदानावरील पूर्ण मापाच्या ट्रॅकची एक फेरी 400 मीटरची असते. 5,000 मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या आणि 10,000 मीटर म्हणजे 25 फेऱ्या. 3,000 मीटर स्टीपलचेस या शर्यतीत धावपटूला 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या पार कराव्या लागतात. रस्त्यावरील शर्यतींत 5 किलोमीटर, 10 किलोमीटर, अर्धमॅरेथॉन (सुमारे 21.1 किलोमीटर) आणि पूर्ण मॅरेथॉन (42.195 किलोमीटर) अशी अंतरे असतात. 42.195 हा विचित्र आकडा 1908 च्या लंडन ऑलिंपिकपासून आला आणि 1921 मध्ये तो अधिकृत झाला. म्हणून 5 किलोमीटरच्या धावेला मॅरेथॉन म्हणू नये. आपल्याकडे कोणत्याही प्रभातफेरीला ‘मॅरेथॉन’ असे नाव देतात, ते बरोबर नाही.

मोठ्या शर्यतीत धावपटूला क्रमांकाचा कागद मिळतो. त्यावर किंवा बुटावर एक छोटी चिप असते. सुरुवातीच्या रेषेवरून आणि शेवटच्या रेषेवरून जाताना तिची नोंद होते. हजारो लोकांच्या गर्दीत मागे उभे राहिलेल्या धावपटूलाही त्यामुळे आपली खरी वेळ कळते.

वर्षभरातील प्रमुख शर्यती

आपल्या राज्यातील सर्वांत मोठी रस्त्यावरील शर्यत म्हणजे हैदराबाद मॅरेथॉन. ती ऑगस्टच्या अखेरीस होते. पावसाळी दमट हवा आणि मार्गावरील चढउतार यांमुळे ती अवघड समजली जाते. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली. ती पावसाळ्याच्या शेवटी शेवटी होते आणि तिचा मार्ग यवतेश्वरच्या घाटातून वर चढतो. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची असून तिचा परंपरेने ठरलेला दिवस डिसेंबरचा पहिला रविवार आहे. मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते.

या शर्यतींची नोंदणी काही महिने आधी होते आणि शुल्कही बरेच असते. पूर्ण मॅरेथॉनसाठी बहुतेक ठिकाणी वयाची 18 वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणून शाळेतील मुलांना तेथे पाठवण्याचा आमचा विचार नाही. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी मात्र जरूर उतरावे.

आपल्या मुलांसाठी याहून महत्त्वाच्या शर्यती वेगळ्या आहेत. शालेय क्रीडा स्पर्धा मंडल, जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी होतात. खेळाडूंच्या राखीव जागांसाठी या स्पर्धांतील कामगिरी विचारात घेतली जाते. शुल्क भरून धावणाऱ्या प्रत्येकाला जे सहभागाचे प्रमाणपत्र मिळते, त्याने हे काम होत नाही. पालकांनी पैसे खर्च करण्याआधी हा फरक समजून घ्यावा.

लहान मुलांनी किती धावावे?

शालेय स्पर्धांत 14 वर्षांखालील गटात सर्वांत लांब धाव 600 मीटरची असते. यामागे कारण आहे. या वयात हाडांची टोके वाढत असतात आणि शरीर लवकर तापते. सहावी-सातवीच्या मुलाने 10 किलोमीटर धावून दाखवले तर टाळ्या पडतात, पण गुडघा किंवा टाच दुखावली तर दोन वर्षे वाया जातात. त्यामुळे गटात लहान मुलांसाठी खेळ, उड्या आणि छोट्या धावा ठेवल्या आहेत. लांब धावा नववीनंतर, त्याही हळूहळू वाढवत.

हळू धावणे म्हणजे किती हळू, याची एक सोपी खूण आहे. शेजारच्या मित्राशी पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग बरोबर. दोन शब्दांवर धाप लागली तर वेग जास्त. आठवड्यातील बहुतेक धावणे या बोलता येईल अशा वेगानेच असावे. दम वाढतो तो याच धावण्याने. रोज जीव तोडून पळणारा मुलगा महिनाभरात गट सोडून जातो, असा आमचा अनुभव आहे.

आहाराविषयी एक गोष्ट विशेष सांगतो. रक्तातील हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोहोचवते आणि ते तयार होण्यास लोह लागते. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ, शेंगदाणे आणि गूळ हे आपल्याच घरातील पदार्थ आहेत. भाजीवर लिंबू पिळल्यास त्यातील लोह अंगी चांगले लागते. जेवणाबरोबर चहा मात्र घेऊ नये. मुलगी धावताना नेहमीपेक्षा लवकर थकत असेल तर तिला आळशी म्हणण्याआधी तिचे रक्त तपासून घ्यावे.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्णही आहेत, विशेषतः आदिवासी कुटुंबांत. जुलै 2023 मध्ये या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत तपासणी होते. सिकलसेल असलेल्या मुलाने जोराचे धावणे, उन्हात धावणे आणि पाणी कमी पिणे या तीनही गोष्टी टाळल्या पाहिजेत. म्हणून गटात येण्यापूर्वी ही तपासणी झालेली असावी, असा आमचा आग्रह आहे. निदान झाले तरी मुलाला गटातून काढले जाणार नाही. डॉक्टर सांगतील तेवढे चालणे आणि वेळ नोंदवण्याचे काम त्याला मिळेल.

लहान गावांतून आलेले धावपटू

कविता राऊत नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाडा या आदिवासी वस्तीतील. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. मिल्खा सिंग यांच्या 1958 मधील सुवर्णपदकानंतर या स्पर्धेत भारताला ट्रॅकवर मिळालेले हे पहिले वैयक्तिक पदक होते. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी याच अंतरात रौप्यपदक जिंकले.

ललिता बाबर सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या, म्हणजे दुष्काळी भागातील. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3,000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. 1984 मध्ये पी. टी. उषा यांनी केलेल्या कामगिरीनंतर ट्रॅकवरील अंतिम फेरीत पोहोचणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

अविनाश साबळे बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे. लहानपणी शाळेसाठी ते रोज सुमारे 6 किलोमीटर अंतर कापत. बारावीनंतर ते सैन्यात गेले आणि स्पर्धात्मक धावणे तेथेच सुरू झाले. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटे 11.20 सेकंद वेळ देत त्यांनी स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक अवघ्या 0.05 सेकंदाने हुकले. 2023 मध्ये हांगझौ येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

या तिघांची गावे आपल्या बेला, जैनथ, तामसी या मंडलांतील गावांहून फार वेगळी नाहीत.

गटाच्या बातम्या

गटातील काही माजी विद्यार्थी पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करीत आहेत. तेलंगण पोलीस भरतीत 2022 साली मुलांना 1,600 मीटर 7 मिनिटे 15 सेकंदांत आणि मुलींना 800 मीटर 5 मिनिटे 20 सेकंदांत पूर्ण करायचे होते. वर्षभर नियमित धावणाऱ्याला हे अवघड नाही. जाहिरात आल्यावर दोन महिन्यांत तयारी करू म्हणणारे मात्र पिंडऱ्या दुखावून घेतात.

आता एक बातमी, जी आनंदाची नाही. आठवी-नववीत मुली मुलांच्या बरोबरीने येतात. दहावी झाली की त्या दिसेनाशा होतात. कारण विचारले तर अभ्यास, घरकाम, लोक काय म्हणतील, अंधारात कशी पाठवू, अशी उत्तरे मिळतात. एखाद्या घरी लग्नाची बोलणीही सुरू झालेली असतात. अंधाराची काळजी खरी आहे आणि तिची सोय शाळेने करावयास हवी. पण बाकी कारणांविषयी पालकांनी एकदा शांतपणे विचार करावा. सोळाव्या-सतराव्या वर्षी दम खऱ्या अर्थाने वाढू लागतो. ललिता बाबर ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावल्या तेव्हा त्या 27 वर्षांच्या होत्या. आपण मुलीला पंधराव्या वर्षी थांबवतो तेव्हा ती किती धावू शकली असती, हे कोणालाच कधी कळत नाही. तिलाही नाही.

विश्वस्त मंडळ व पालकांना विनंती

1. मुलींचा गट उजाडल्यावर सुरू व्हावा आणि त्या वेळी एक शिक्षिका मैदानावर उपस्थित असावी. त्यांच्या पहिल्या तासिकेची सोय मी करीन. मानधनाचा विषय विश्वस्त मंडळाने पुढील बैठकीत घ्यावा.

2. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलींना दोन वर्षे शाळेच्या मैदानावर सरावास परवानगी मिळावी. यासाठी मंडळाचा ठराव आवश्यक आहे.

3. मैदानावर पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी आणि मुलींसाठी कपडे बदलण्याची स्वच्छ खोली असावी.

4. बुटांसाठी पालकांनी कर्ज काढू नये. पायाला नीट बसणारे साधे कापडी बूट सुरुवातीला पुरतात. मऊ मातीवर छोट्या धावा अनवाणीही चालतात.

शाळेची वार्षिक धाव 26 जानेवारी रोजी ध्वजवंदनानंतर होईल. अंतरे वयानुसार आहेत : सातवीपर्यंत 600 मीटर, आठवी-नववी 1,500 मीटर, दहावी व माजी विद्यार्थी 3,000 मीटर. पालकांसाठी 2 किलोमीटर चालण्याचा गट आहे. आजी-आजोबांनीही यावे. शुल्क नाही. संमतीपत्र आणि आरोग्य तपासणीचा कागद डिसेंबरअखेर वर्गशिक्षकांकडे द्यावा. ज्या माजी विद्यार्थिनींना पुन्हा सुरुवात करायची आहे, त्यांनी थेट माझ्याकडे यावे. सोबत आईला आणले तर उत्तम.

आपला,
मुख्याध्यापक