ठोसेबाज एनगानू, ज्यानं पट काढून पट्टा राखला

जिममधल्या एका पोरानं विचारलं, "सर, एनगानूचा ठोसा इतका जड कसा?" म्हटलं, आधी त्याची गोष्ट ऐक.

कॅमेरूनमधल्या बातिए गावात १९८६ साली फ्रान्सिस एनगानूचा जन्म झाला. घरची गरिबी. लहानपणीच वाळूच्या खाणीत फावडं मारायला लागला. बॉक्सिंगचा सराव सुरू झाला तोच विशी उलटल्यावर!

२०१२ मध्ये घर सोडलं. सहारा ओलांडून मोरोक्को, बरेच फसलेले प्रयत्न, मग समुद्रमार्गे स्पेन. तिथं कोठडी. पुढं पॅरिसमध्ये रस्त्यावर झोपला. व्हायचं होतं बॉक्सर; एमएमएकडे (मिश्र मार्शल आर्ट्स) वळवलं ते तिथल्या प्रशिक्षकांनी.

२०१५ मध्ये यूएफसी या एमएमए संघटनेच्या लढतींत उतरला. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या विजेत्या स्टीपे मिओचिचनं त्याला पाच फेऱ्या दमवून हरवलं. मार्च २०२१ मध्ये त्याच मिओचिचला दुसऱ्या फेरीत आडवा करून हा हेवीवेट विजेता झाला.

पण ठोशांपेक्षा मला आवडते ती जानेवारी २०२२ ची लढत. समोर सिरिल गान, तोवर अपराजित आणि पॅरिसमधला जुना सरावातला जोडीदार. एनगानूचा गुडघा आधीच दुखावलेला. पहिल्या दोन फेऱ्या हातच्या गेल्या. तिसरीपासून गड्यानं चक्क पट काढायला सुरुवात केली, गानला खाली दाबून ठेवलं आणि गुणांवर जिंकला. आपल्या तालमीतल्या वस्तादांना दाखवावी अशी लढत.

२०२३ मध्ये कराराच्या अटी न पटल्यानं पट्टा सोडून बाहेर पडला. त्याच वर्षी बॉक्सिंगमध्ये तेव्हाच्या हेवीवेट विजेत्या टायसन फ्युरीला खाली पाडलं, विजय मात्र थोडक्यात हुकला.

एमएमएमध्ये गुण कसे देतात, कुणाला जाणून घ्यायचंय? विचारा बिनधास्त.